मामांच्या रिपोर्टमधली न उमटलेली रेघ

मामा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, फेटलिंगला. म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगचे जास्तीचे काठ ग्राइंडरनं घासून काढायचे, चोवीस वर्षं हेच काम. दिवसभर नाकातोंडात धूळ, आणि ती साधी धूळ नसते, वाळूतली सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की टीबीचा धोका कितीतरी वाढतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पेपरात लिहिलेलं पण होतं, पण आपल्या मामांच्या बाबतीत कधी डोक्यातच आलं नाही. २०२४ च्या गणपतीत खोकायला लागले तेव्हा सगळे म्हणले गुलाल आणि धुरळा लागलाय. दिवाळीपर्यंत सात किलो वजन उतरलं, संध्याकाळी कणकण यायची, आणि ज्या माणसाला तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी लागायची तो अर्ध्या भाकरीवर ताटावरनं उठायला लागला तेव्हा मामीनं मला फोन केला. मी तेव्हा एमएससी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे घरात काही दुखलंखुपलं की पहिला फोन मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. एक्सरे काढला, बेडका दिला, आणि सीबीनॅट झालं. सीबीनॅट म्हणजे बेडका एका कार्ट्रिजमध्ये घालून मशीनला लावायचा, दोन तासांत मशीन दोन गोष्टी सांगतं, टीबीचा जंतू आहे का, आणि त्याच्यावर रिफॅम्पिसिन हे औषध चालेल का. मामांच्या रिपोर्टवर होतं की जंतू सापडला, रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, दिसत नाही. आम्हाला केवढं हायसं वाटलं. मी स्वतः मामीला सांगितलं की साधा टीबी आहे, सहा महिन्यांत बरे होतील. हे वाक्य मी बोलायला नको होतं हे मला पाच आठवड्यांनी कळलं.

कारण सीबीनॅट बघतं ते फक्त एकाच जीनचा एक छोटा तुकडा, आरपीओबी नावाच्या जीनमधली डीएनएची ८१ अक्षरं. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बिघाड त्या ८१ अक्षरांतच असतो म्हणून ती टेस्ट इतकी कामाची आहे. आणि जो जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाही तो बहुतेक वेळा आयसोनियाझिडला पण देत नाही, म्हणून एक बघितलं की दुसऱ्याचा अंदाज येतो असं धरतात. पण हे उलटं लागू होत नाही ना. रिफॅम्पिसिन चालतंय म्हणजे आयसोनियाझिड पण चालतंय असं अजिबात नाही, आणि साध्या टीबीची पहिली दोन मोठी औषधं हीच.

गोळ्या सुरू झाल्या, चार औषधं एकाच गोळीत, वजनाप्रमाणे रोज चार गोळ्या. लघवी केशरी झाल्यावर मामा घाबरले, त्यांना सांगितलं की रिफॅम्पिसिननं होतं, ते चांगलंच आहे, औषध पोटात जातंय. निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी रुग्णांच्या नोंदणीत, नाव नोंदलं, खाण्यापिण्यासाठी महिन्याला जे ५०० मिळायचे ते त्याच नोव्हेंबरपासून १००० झालेले. दवाखान्यात गेलो त्या दिवशीच बेडक्याचा आणखी एक नमुना एलपीए नावाच्या टेस्टला गेला होता, पण त्याचा रिपोर्ट कुणी मागितला नाही आणि आम्हालाही माहीत नव्हतं की मागायचा असतो. तो तयार होऊन कुठल्यातरी टेबलावर तीन आठवडे पडून राहिला. कुणाच्या टेबलावर हे मी लिहीत नाही, पण त्या तीन आठवड्यांचा राग मला अजून येतो, कारण त्या दिवसांत मामा जी चार औषधं घेत होते त्यातलं एक त्यांच्या जंतूला जवळजवळ लागूच पडत नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी रिपोर्ट हातात आला. एलपीए म्हणजे एक अरुंद कागदी पट्टी, तिच्यावर छोट्या छोट्या आडव्या रेघा उमटतात. प्रत्येक जीनसाठी एक किंवा जास्त रेघा असतात ज्या जीन धडधाकट असेल तरच उमटतात, आणि बिघाड असेल तर त्यातली एखादी गायब होते आणि बहुतेक वेळा खाली बिघाडाची वेगळी रेघ येते. मामांच्या पट्टीत आरपीओबीच्या सगळ्या रेघा जागेवर होत्या. कॅटजी नावाच्या जीनची रेघ नव्हती, आणि तिच्या खाली म्युटेशनची, म्हणजे बिघाडाची, रेघ स्पष्ट. मी वर्गात हे चित्र दहा वेळा काढलंय. पण दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून ती पट्टी बघताना माझे हात गार पडले.

कॅटजी काय करतो ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे आणि ते जसं गोळीत असतं तसं जंतूला काहीच करत नाही. ते जंतूच्या आत गेल्यावर जंतूचंच एक एन्झाइम, कॅटजी, त्याला चेतवतं, आणि मग ते औषध जंतूच्या मेणासारख्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं. म्हणजे जंतू स्वतःच्या हातानं विष तयार करतो. आता कॅटजीमध्ये ३१५ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन आलं, एवढा एकच बदल, की एन्झाइम स्वतःचं रोजचं काम बऱ्यापैकी करत राहतं पण औषधाला चेतवायचं जवळपास सोडून देतं. जंतूला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही, तो अशक्त होत नाही, पसरायचा थांबत नाही. म्हणूनच जगभर आयसोनियाझिड रेझिस्टन्समध्ये हाच बदल सगळ्यात जास्त सापडतो.

डॉक्टरांनी लगेच औषधं बदलली, आयसोनियाझिड बंद, लिव्होफ्लॉक्सासिन सुरू, बाकीची तीन तशीच, आणि त्या दिवसापासून परत पूर्ण सहा महिने. आणखी एक गोष्ट या रिपोर्टमुळे बदलली, ती मला सगळ्यात मोठी वाटते. मामांची दोन मुलं, एक अकरावीला एक सहावीत, त्यांचे एक्सरे व्हायचे होते म्हणून त्यांच्या प्रतिबंधक गोळ्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. एरवी घरातल्या लोकांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड असलेल्याच गोळ्या देतात, पण ज्या जंतूवर ते चालत नाही तोच जंतू घरात असेल तर त्याचा उपयोग काय, म्हणून अशा घरात चार महिने रिफॅम्पिसिन द्यायचं असं मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. पोरांना तेच मिळालं. एक रेघ उमटली नाही म्हणून दोन पोरांची गोळी बदलली.

त्याच आठवड्यात पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. "गोळ्या चुकवल्या असतील, म्हणून तर बिघडला." मामांनी पाच आठवड्यांत एक गोळी चुकवली नव्हती, मामी रोज समोर बसून द्यायची. मामा काही बोलले नाहीत, खाली मान घालून ऐकून घेतलं. मला ते सहन झालं नाही. मी रिपोर्ट काढून सगळ्यांना दाखवला, त्यावर नमुना घेतल्याची तारीख होती, आणि ती तारीख पहिल्या गोळीच्या आदल्या दिवशीची होती. म्हणजे मामांनी टीबीची एकही गोळी गिळायच्या आधीच त्यांचा जंतू असा होता, तो असाच दुसऱ्या कुणाकडून तरी आला होता. टीबीचा जंतू इतर काही जंतूंसारखा शेजारच्या जंतूकडून रेझिस्टन्सचे जीन उसने घेत नाही, त्याचा रेझिस्टन्स स्वतःच्या डीएनएमधल्या चुकीतनं येतो आणि मग पिढ्यान्पिढ्या चालतो. कुणाच्या तरी शरीरात कधीतरी ती चूक टिकली आणि खोकल्यातनं पुढे पुढे आली. मामा त्या साखळीतले फक्त आत्ताचे.

हे मी त्यांना समजावत होते तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले. "म्हंजे पॅटर्नलाच टवका उडालाय म्हन की. मग मोल्ड कितीबी नवं घाला, प्रत्येक पीसला त्योच डाग येनार." पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरनं वाळूचा मोल्ड, म्हणजे साचा, बनवतात तो मूळ नमुना. मी एवढी वर्षं शिकले, पण याच्याहून नीट मला ते सांगता आलं नसतं.

जानेवारीत प्रोजेक्टचा विषय ठरवायचा होता आणि मी मॅडमना सांगितलं की मला कॅटजीवर काम करायचंय. मॅडम म्हणल्या कॉलेजमध्ये टीबीचा जंतू वाढवता येणार नाही, आणि ते बरोबरच होतं, त्याला वेगळी लॅब लागते, आतली हवा बाहेर न जाऊ देणारी, आणि शिवाय तो जंतू एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस घेतो. कॉलेजमध्ये आम्ही ई. कोलाय वाढवतो तो वीस मिनिटांत दुप्पट होतो, संध्याकाळी टाकला की सकाळी प्लेट भरलेली. टीबीला अंड्याच्या हिरव्या मीडियावर डोळ्यांना दिसायलाच तीन आठवडे जातात, आणि तिथे काही वाढलं नाही असं म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं. पण मॅडमनीच वाट काढली, म्हणल्या जगभरच्या लॅबनी हजारो टीबी जंतूंचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, ते उतरवून घे आणि कॉम्प्युटरवर काम कर, जंतूला हात न लावता.

माझा प्रश्न सरळ होता. ज्या जंतूंमध्ये दोन्ही औषधांचा रेझिस्टन्स आहे, म्हणजे एमडीआर, त्यांच्यात आधी कुठलं म्युटेशन आलं, कॅटजीचं का आरपीओबीचं? यावर मोठं काम झालेलं होतं हे मला वाचताना कळलं, २०१७ मध्ये पाच हजारांवर जीनोम तपासून संशोधकांनी दाखवलं होतं की जगात बहुतेक ठिकाणी कॅटजीचं ३१५ वालं म्युटेशन आधी येतं, रिफॅम्पिसिनचं नंतर, म्हणजे ते पुढच्या संकटाची पहिली खूण आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या टुगेला फेरी गावची गोष्ट वाचली तेव्हा तर मी रात्रभर झोपले नाही. तिथे २००५-०६ मध्ये जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी ५३ लोकांत सापडला आणि त्यातले ५२ गेले. पुढे जीनोमवरनं मागे मोजत गेल्यावर दिसलं की त्या जंतूच्या पूर्वजात कॅटजीचं म्युटेशन १९५७ च्या आसपासच आलं होतं. आयसोनियाझिड येऊन पाच वर्षं झालेली. पुढची चाळीस वर्षं एकेक औषध गळत गेलं, आणि बाहेर कळलं ते एवढी माणसं गेल्यावर.

डाउनलोड करताना काय काय झालं ते फार लांबवत नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, घरचं वायफाय, एकेका जंतूच्या फाइली कितीतरी शे एमबीच्या, त्यामुळे रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी उठून बघायचं की लाइट जाऊन कुठं अडकलंय का. दीडशे नमुने घेतले. त्यातले काही टाकून द्यावे लागले कारण आत दुसऱ्याच जंतूचा डीएनए मिसळलेला होता. उरलेले सगळे एच३७आरव्हीशी जुळवायचे. हा म्हणजे टीबीचा जगाचा मापदंड, १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका सॅनेटोरियममधल्या रुग्णाकडून घेतलेला जंतू, त्याचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला. प्रत्येक नमुन्यात त्याच्यापेक्षा कुठलं अक्षर वेगळं आहे ते काढायचं आणि त्यातनं औषधांच्या जीनमधले बदल वेगळे करायचे.

इथे मी दोन आठवडे अडकले. कॅटजी काढला, ३१५ वी जागा मोजली, आणि सेरीन कुठेच नाही, भलतंच काहीतरी. सगळ्या नमुन्यांत भलतंच. मला वाटलं फाइलीच खराब आहेत, सगळं परत उतरवलं. मग एका रात्री लक्षात आलं की कॅटजीचा नंबर आरव्ही१९०८सी आहे, आणि शेवटचा तो सी म्हणजे हा जीन डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर आहे, तो उलटा वाचायचा असतो, अक्षरंही जोडीतली समोरची घ्यायची असतात. उलटं वाचल्यावर ३१५ बरोबर जागेवर आला. जीनोममध्ये तो बदल २१५५१६८ या जागी दिसतो, सी चा जी झालेला, आणि हा आकडा मला आता स्वतःच्या मोबाइल नंबरसारखा पाठ आहे. आरपीओबीचंही तसंच, जुन्या पेपरमध्ये ५३१ लिहितात आणि नव्यात ४५०, जागा तीच, फक्त जुना आकडा ई. कोलायच्या जीनवरनं मोजलेला. नवीन कुणी या कामाला बसणार असेल तर आधी हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, माझे दोन आठवडे गेलेत.

मग झाड बांधलं, म्हणजे कुठला जंतू कुणाच्या जवळचा हे दाखवणारी वंशावळ, आणि प्रत्येक फांदीवर म्युटेशन रंगवलं, कॅटजी लाल, आरपीओबी निळं. काही फांद्यांवर लाल खोडाजवळ आणि निळं टोकाला, म्हणजे एकाच लाल पूर्वजापासून निघालेल्या वेगवेगळ्या जंतूंत निळं स्वतंत्रपणे तीन तीन वेळा आलेलं. ते स्क्रीनवर बघताना मला मामांची पट्टी आठवली. लाल आहे, निळं नाही. मामांचा जंतू त्या फांदीवर मधोमध कुठेतरी उभा आहे, आणि जर रिपोर्ट त्या टेबलावरच राहिला असता तर?

हे भीती घालायला लिहीत नाहीये, गणितच तसं आहे. आयसोनियाझिडला चुकवणारी चूक साधारण १० लाख जंतूंत एकात आपोआप असते, रिफॅम्पिसिनची १० कोटींत एकात. दोन्ही एकाच जंतूत एकदम असायची शक्यता काढायची तर एकावर चौदा शून्यं, तेवढे जंतू माणसाच्या फुफ्फुसात मावतच नाहीत, म्हणून तर औषधं एकत्र देतात. पण एक औषध आधीच निकामी असेल तर उरतात दहा कोटी, आणि फुफ्फुसात पोकळी झालेली असेल तर तिथे तेवढे जंतू सहज असतात. गोळीतली बाकीची दोन औषधं, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड, सोबत असतात हे खरं, पण रिफॅम्पिसिनची पाठ राखायला ती दोघं आयसोनियाझिडइतकी भक्कम नाहीत. म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन.

एका नमुन्यापाशी मात्र माझं आणि मॅडमचं जुंपलं. त्यात कॅटजीमध्ये ३१५ सोडून दुसरीकडेच एक बदल होता, आणि नोंदीत लिहिलेलं की लॅबमध्ये हा जंतू आयसोनियाझिडमध्ये वाढला. मी लिहिलं की हे रेझिस्टन्सचं म्युटेशन आहे. मॅडमनी खोडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अशा म्युटेशन्सची यादी काढली, ३८ हजारांवर जंतूंवरनं, २०२३ मध्ये ती वाढवून ५२ हजारांवर नेली, आणि तरीसुद्धा त्यातल्या कितीतरी बदलांपुढे "अर्थ अनिश्चित" असंच लिहिलंय. मॅडम म्हणल्या, तुझ्याकडे एक नमुना आहे, एकावरनं तू उद्या कुणाची तरी गोळी बंद करायला सांगणार का? मला राग आला होता, कारण मला वाटत होतं की दिसतंय ते लिहायचं नाही तर संशोधन कशाला. पण घरी जाऊन विचार केला की मामांच्या पट्टीत जर असा अनोळखी बदल निघाला असता आणि कुणीतरी माझ्यासारख्या पोरीनं अंदाजानं ठरवलं असतं तर. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच "अर्थ अनिश्चित" टाइप केलं.

टक्के पण मी दिले नाहीत. परीक्षेला बाहेरनं आलेल्या सरांनी विचारलं की किती नमुन्यांत लाल आधी होतं, एक आकडा सांगा. मी सांगितलं की झाड दाखवते पण आकडा देत नाही, कारण जगात लोक रेझिस्टंट जंतूंचेच जीनोम जास्त वाचतात, साध्यांचे कमी, आणि त्यातनं परत मी माझ्या प्रश्नाला लागणारे उचललेत, त्यावरनं टक्केवारी काढली तर ती खोटी होईल. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. मार्क बरे मिळाले.

मामांना मार्चमध्ये सांधे फार दुखले, ते पायराझिनामाइडनं होतं. रंकाळ्यावर रोज सकाळी एक फेरी मारायचे तीही बंद झाली महिनाभर. पण गोळी चुकवली नाही. मे महिन्यात नऊ किलो वजन भरून आलं, आणि एका रविवारी मामीनं मटण केलं तेव्हा मामांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे केली, परत केली, परत केली. मामी आत जाऊन डोळे पुसून आली. फाउंड्रीत ते आता फेटलिंगला नाहीत, बोलून बोलून डिस्पॅचला बदली करून घेतली, पगार थोडा कमी झालाय. त्यांच्याबरोबरच्या दोघांना खोकला होता, त्यांना मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि सीबीनॅट झाल्यावर खिडकीशी उभं राहून विचारलं की एलपीएला नमुना गेला का, रिपोर्ट कधी, कुणाकडे. खिडकीवरच्या ताईंनी रजिस्टर काढून नंबर दाखवला. दोघांचेही रिपोर्ट बारा दिवसांत आले. दोघांना टीबी होता, दोघांच्याही पट्टीत सगळ्या रेघा होत्या.

जूनच्या शेवटी मामांची शेवटची गोळी झाली. त्यांनी रिकामी पाकिटं एका पिशवीत साठवून ठेवलीत, का ते सांगत नाहीत. शेवटचा बेडका कल्चरला गेलाय, लिक्विडमध्ये लावतात, त्यात काहीच वाढलं नाही असं ठरवायला ४२ दिवस लागतात. आज एकोणतिसावा दिवस आहे. मामा रोज जेवण झालं की फोन करतात.

"आलं का गं काय?"

"अजून नाही मामा. न येणंच चांगलं असतं याच्यात. वाढलं असतं तर आधी फोन आला असता."

"मग तेरा दिस ऱ्हायलं."

"हो, तेरा."